लाल ठिपक्याचं ताट

"आजी, आता तर मला पण शुगर झाली. आता तरी तुझ्या ताटातलं खाऊ दे," असं म्हणून किर्तीने गोदाबाईच्या ताटातल्या सुकटीकडे हात नेला.

गोदाबाईने ताट असं काही मागे ओढलं की वरण सांडून लादीवर आलं. "हात लावू नको बोलले ना. आहे तेवढं पुरे नाय का? त्याच्यावर माझं कशाला?"

"म्हणजे डबल शुगर होते का?" किर्ती हसायला गेली, पण हसू तिच्या तोंडावर टिकलं नाही. मागच्या आठवड्यात तापाचं निमित्त झालं, रक्त तपासलं, आणि सोळा वर्षांच्या पोरीवर रोज पोटात सुई टोचून घ्यायची पाळी आली. तिची आई प्रीती फडकं घेऊन आली आणि सांडलेलं वरण पुसू लागली.

गोदाबाईच्या ताटाच्या पाठीला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तसाच पेल्याला, तसाच वाटीला. अंबरनाथच्या त्या दोन खोल्यांच्या घरात तिची भांडी वेगळी घासली जात आणि वेगळ्या कोपऱ्यात पालथी पडत. हा नियम तिच्यावर कोणी लादला नव्हता. तिनेच केला होता आणि तीच डोळ्यांत तेल घालून पाळत होती.

तिचा बाप किसन पायाची बोटं काळी पडून शुगरने गेला. त्याच्या मागोमाग भाऊ गेला. तिची स्वतःची शुगर कळली ती मुलगा धम्मदीप बालवाडीत असताना. त्याच्याही आधी, त्याला दात येत होते तेव्हा, ती भाकरीचा तुकडा स्वतः चावून मऊ करायची आणि त्याच्या तोंडात घालायची. चाळीतल्या सगळ्याच आया तसं करायच्या, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण पोरगा ऐन एकोणिसाव्या वर्षी इंजेक्शनवर गेला आणि नणंद रखमा चार बायकांत म्हणाली, "तुझंच उष्टं खाऊन वाढला ना तो. मग दुसरं काय होणार?"

झालं. रखमा चहा पिऊन निघून गेली, तिचं बोलणं मात्र घरात मुक्कामाला राहिलं. गोदाबाईने त्याच संध्याकाळी भांड्यांना ठिपके दिले. पुढे किर्ती झाली. नातीला तिने न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, कुशीत घेऊन झोपवलं, पण आपल्या हाताने एक घास कधी भरवला नाही. मुका घ्यायचा झाला तर नातीच्या गालाला बोटं लावायची आणि तीच बोटं आपल्या ओठांना टेकवायची.

धम्मदीपला हे बघवत नसे. एकदा तो चिडून म्हणाला होता, "आई, माझ्या आज्याला गावात वेगळा कप होता. हॉटेलाच्या बाहेर खुंटीला टांगलेला. ते सगळं सोडून आपण इथं आलो, आणि तू घरच्या घरात वेगळं ताट घेऊन बसलीस?"

गोदाबाईने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "तो कप लोकांनी दिलेला. हे ताट मी घेतलंय. तुमच्यासाठी."

आणि एवढं सगळं करून किर्तीला शुगर झालीच. गोदाबाई उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. मांडीवर पँट, हातात छोटी कात्री, आणि डोक्यात एकच घोर, की आपण कुठे चुकलो. कधी पेला बदलला? कधी चमचा? विचाराच्या भरात एकदा तिने चांगला खिसाच कापला, आणि मुकादम श्यामकांत तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

बदलापूरच्या नव्या डॉक्टरबाईंकडे धम्मदीप पोरीला घेऊन गेला तो दुसऱ्याचं मत घ्यावं म्हणून. डॉक्टर भावना वयाने लहान, पण सगळं खोदून विचारणाऱ्या. घरात कोणीच जाड नाही, आणि आजी, बाप, नात सगळ्यांना तरुणपणीच शुगर, हे ऐकल्यावर त्यांनी गोदाबाईलाही बोलावून घेतलं.

"आजी, तुम्ही इंजेक्शन घेता?"

"नाय. गोळी. अर्धी."

"कधीपासून?"

"हा बालवाडीत होता तेव्हापासून."

"तीच गोळी? आणि अजून अर्धीच?"

"अख्खी घेतली की हातपाय थरथरतात. मग साखर खाऊन बसावं लागतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत गोळी वाढली नाही, सुई लागली नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं. त्यांनी तिघांचं रक्त काढून घेतलं आणि म्हणाल्या, "एक शंका आहे. खरी निघाली तर बरंच होईल. तोवर आहे ते इंजेक्शन चालू ठेवा."

महिन्याभराने त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"आजी, आपल्या लिव्हरमध्ये दिवसरात्र हजार कामं चाललेली असतात. कुठलं काम कसं करायचं ते पेशीच्या आत लिहिलेलं असतं, पण नुसतं लिहून काम होत नाही. ते सुरू करायला कोणीतरी लागतं. त्यासाठी एक प्रथिन आहे, एचएनएफ वन अल्फा. पहिल्यांदा लिव्हरमध्ये सापडलं म्हणून नावातच लिव्हर आहे, एच म्हणजे हेपॅटोसाइट, लिव्हरची पेशी. इन्सुलिन जिथे बनतं त्या स्वादुपिंडातही ते असतं. ते स्वतः इन्सुलिन बनवत नाही. नेमक्या जागी जाऊन बसतं आणि त्या त्या कामाचं बटण दाबतं."

"मुकादम," गोदाबाई म्हणाली. "आमचा श्यामकांत. शिवत काय नाय, कापत काय नाय, पण त्याने येऊन मेन स्विच दाबल्याशिवाय एक मशीन हलत नाय."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच. हे प्रथिन कसं बनवायचं त्याच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. एक आईची, एक वडिलांची. तुमच्या घरात त्यातली एक बिघडलेली आहे, एवढीशी. म्हणून मुकादम येतो, पण अर्ध्या ताकदीने. मशीन शाबूत आहे, तिला नुसता धक्का लागतो. तुमची अर्धी गोळी इतकी वर्षं तोच धक्का देते आहे. किर्तीलाही तीच द्यायची. इंजेक्शन आपण बंद करू. धम्मदीप, तुमचंही बघू, पण सावकाश, माझ्या नजरेखाली."

"म्हणजे सुई नाय?" किर्तीने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली, तरी तिने पुन्हा विचारलं, "पक्का ना, मॅडम? सुई नाय?" प्रीतीने तिचा हात घट्ट धरला.

गोदाबाईचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ती आपल्या पोटावर हात ठेवून बसली होती. इतकी वर्षं आत कोणी बसलेलं, आणि आपल्याला पत्ता नाही. तिने कधी हाक मारली नाही, कधी पगार दिला नाही. ती झोपली तरी तो जागा, ती उपाशी राहिली तरी तो कामावर, आणि तेही अर्ध्या ताकदीने. त्याला हे शिकवलं कोणी? डोळ्यांना दिसत नाही असल्या अंधारात नेमकं बटण त्याला सापडतं कसं? तिने डॉक्टरांकडे पाहिलं, दारातल्या कंपाउंडरकडे पाहिलं. याच्याही आत तो आहे, हिच्याही आत. धम्मदीपच्या आज्याला गावात वेगळा कप देणाऱ्या त्या माणसाच्या पोटातही हाच मुकादम होता आणि हेच काम करत होता. विहारात बुद्धासमोर हात जोडताना मन जसं गप्प होतं, तसं ते आत्ता गप्प झालं.

मग तिने हळूच विचारलं, "पण मंजे माझ्याकडूनच गेलं ना हे?"

"हो. तुमच्या वडिलांकडून तुम्हाला, तुमच्याकडून यांना. तिघांचीही बोटं बघा कशी लांब आहेत. ती आली तसंच हेही आलं."

"उष्ट्यातून नाय?"

डॉक्टरांना कळेना. धम्मदीपने मान खाली घालून ठिपक्यांची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी आपली खुर्ची गोदाबाईजवळ ओढली.

"उष्ट्यातून नाही, आजी. तुम्ही हिला रोज भरवलं असतं तरी काही झालं नसतं. आणि नाही भरवलंत, तरी जे व्हायचं ते झालंच."

रिक्षा अंबरनाथजवळ आली तेव्हा गोदाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "इतकुशी होती गं ही. ताटाकडे बघून आ करायची. मी तोंड फिरवायचे." आणि ती रडायला लागली. किर्ती तिला बिलगून बसली. डोळे पुसायला पदर घ्यायचा की पोरीचं डोकं धरायचं, हे म्हातारीला सुधरेना.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. प्रीतीने भाकरी, सुकट वाढली. गोदाबाईने घास केला, हात उचलला आणि तो मध्येच थांबला. इतक्या वर्षांची सवय कोपराला धरून बसली होती. समोर उंचनिंच पोर तोंड उघडून वाट बघत होती. हसली नाही, घाई केली नाही. धम्मदीपने हातातला घास तसाच ठेवला.

घास किर्तीच्या तोंडात गेला. गोदाबाई तिच्याकडे बघत राहिली. तोंड हललं, गळा हलला. मग म्हातारीची नजर पोरीच्या बरगड्यांखाली उजव्या अंगाला जाऊन थांबली. तिथे आता तो मुकादम उठला असेल.

"अजून एक," किर्ती म्हणाली.

जेवणं झाल्यावर प्रीती भांडी घासायला बसली. गोदाबाईचं ताट तिने हातात घेतलं. पाठीचा लाल ठिपका घासून निघणारा नव्हता आणि तिने तो काढायचा प्रयत्नही केला नाही. ताट धुऊन तिने बाकीच्या ताटांवर पालथं घातलं.