घरचा माणूस कंपनीत

सकाळपासून दादा इंजिनाची दोरी ओढत होता. ओढ्याकाठच्या शेडमध्ये नुसती सुर्रसुर्र; ना धूर, ना धडधड. वर मळ्यात कोबीने तीन दिवसांत माना टाकल्या होत्या.

धाकटा भाऊ शहरातल्या इंजिनाच्या कारखान्यात फिटर. सुट्टीवर आला आणि चप्पलसुद्धा न काढता पाना घेऊन बसला. तासाभरात त्याने हेड उतरवलं, आत बोट फिरवलं आणि बोट चिंधीला पुसत राहिला.

"सिलिंडरला तडा गेलाय."

"मग येताना नवा घेऊन ये," दादा म्हणाला. "तुमचीच तर कंपनी."

"मिळणार नाही. हा माल कंपनीनं बंद केलाय."

वहिनी डबा घेऊन आली होती. ती काही ऐकून सोडणाऱ्यांतली नव्हती. "भावोजी, जुनं इंजिन बावीस वर्षं चाललं. उचलायला चार माणसं लागायची, पण चाललं. ह्यांनी ते मोडीत घालून हे तुमच्या कंपनीचं आणलं. का, तर घरचा माणूस कंपनीत आहे, आपल्याला कोण फसवणार!"

आता झाकण्यात काही राम नव्हता. धाकट्याने सांगून टाकलं. कंपनीची जड इंजिनं खपेनात, म्हणून मालकांनी परदेशातून ही हलकी, स्वस्त इंजिनं खोकीच्या खोकी मागवली. वर्षभर त्याचं काम एकच: मूळ नावाचा कागद खरवडायचा, हिरवा रंग मारायचा, कंपनीची पाटी ठोकायची. ओतीव लोखंड इतकं पातळ की टिचकी मारली तर डब्यासारखं वाजायचं.

"म्हणजे पाटी तू ठोकलीस," दादा म्हणाला.

"ह्याच्यावर मी की दुसऱ्या कुणी, ते नाही सांगता येत."

"मी घेतलं तेव्हा बोलायचं होतंस."

"तू मला न सांगता घेतलंस. मी मागच्या सुट्टीत आलो तेव्हा सगळ्यांना दाखवत होतास. किती खूश होतास."

दादाने डबा उघडला आणि जेवायला लागला. धाकट्याला वाटलं, ह्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्याला लाज वाटायला हवी हे त्याला कळत होतं, पण वाटत काहीच नव्हतं. बधिर पायावर उभं राहावं तसा तो उभा होता.

तेवढ्यात बांधावरून शेजारी आला. गावात त्याला सव्वाशेर म्हणत. दुसऱ्याने एक घेतलं की ह्याला दोन हवीत. "बरा सापडलास, कंपनीवाल्या. तुमची उरलेली इंजिनं अर्ध्या भावात काढतायत म्हणे. दोन आणतोय."

"घेऊ नका, काका," धाकटा म्हणाला. "चांगली नाहीत. हे बघा, फुटलंय." आणि त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

सव्वाशेराने ऐकून घेतलं. मग दादाकडे बघून हसला आणि धाकट्याला म्हणाला, "भावानं घेतलं तेव्हा तुझ्या तोंडाला कुलूप होतं. मला स्वस्तात मिळतंय तर पोट दुखायला लागलं होय? दुधखुळा समजलास मला?"

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. दोन हिरवी, चकचकीत इंजिनं. निम्मं गाव ओढ्यावर जमलं. बसवायला सव्वाशेराने धाकट्यालाच बोलावलं. फिटर दुसरा कोण होता? तोही गेला. पाइप जोडला, तेल भरलं, पट्टा चढवला.

सव्वाशेराने मिशीवर हात फिरवला आणि दोरी ओढली. इंजिन पहिल्याच हिसक्याला चालू झालं. बघता बघता पाटाला पाणी आलं, फेस घेऊन, खळाळत.

सगळ्यांनी वळून धाकट्याकडे पाहिलं. कुणीतरी मागून म्हणालं, "घरभेदी माणूस. भरल्या मळ्याला दृष्ट लावायला निघाला होता." वहिनीनेही पदर सावरला आणि दुसरीकडे पाहिलं. धाकटा हाताचं तेल पुसत राहिला. ते केव्हाच निघालं होतं.

"तुझा कोबी वाळतोय की रे," सव्वाशेर दादाला मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घे, तासभर पाणी घे माझं. आणि भावाला सांग, त्यानं नावं ठेवलेल्या इंजिनाचंच हे पाणी."

दादाने मान डोलावली, फावडं उचललं आणि बांध फोडला. पाणी कोबीत शिरलं. धाकटा शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा वर न बघता दादा हळूच म्हणाला, "माझंही पहिल्याच हिसक्याला चालू झालं होतं."

आणि पुढच्या सरीचं तोंड उघडायला गेला.