लेकरं दूर असलेल्यांसाठी

वहीत एकूण एकोणीस प्रार्थना होत्या. शस्त्रक्रियेच्या आधीची, नंतरची, ताप उतरत नसेल तर, झोप लागत नसेल तर. प्रत्येकीला मथळा, खाली आठ-दहा ओळी, आणि जिथे थांबायचं तिथे पेन्सिलीची बारीक रेघ. चर्चच्या मंडळीतर्फे आजाऱ्यांना भेटणाऱ्या गटात तिला अकरा वर्षं झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेच्या ग्रंथालयाला कुलूप लावून ती रुग्णालयात जायची, खाटेपाशी स्टूल ओढायची, दुखणेकऱ्याचा हात हातात घ्यायची. रेघेपाशी तिचा आवाज हमखास किंचित भरून यायचा आणि बायका डोळे पुसायच्या. सिस्टर म्हणायच्या, "प्रार्थनाताई आल्या की वॉर्ड कसा शांत होतो."

घरी आपण प्रार्थना करायचं कधी थांबवलं, हे मात्र प्रार्थनाताईंना आठवत नव्हतं. एके काळी भांडी घासतानासुद्धा ती प्रभूशी बोलायची, भांडायची देखील. मग वही आली, वहीवर हात बसला, आणि बोलणं वहीपुरतं उरलं. लोकांना आधार मिळतोय ना, मग झालं, असं म्हणून तिनं गाडं रेटलं होतं.

त्यात बाबांना दाखल करावं लागलं. बाबा नळकाम करणारे. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत वाकून फुप्फुसात ओल साठली, असं तेच गमतीनं सांगायचे. उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचे आणि 'आमेन' सोडून फारसं काही बोलायचे नाहीत. त्या शुक्रवारी ती सहा खाटा उरकून सातव्या खाटेशी आली. ती बाबांची. सवयीनं तिनं हात हातात घेतला, वही उघडली आणि सुरू केलं, "हे प्रभू, ज्याची लेकरं दूर आहेत अशा या तुझ्या माणसाला सांभाळ. त्यांच्या पावलांना इकडची वाट दाखव..."

बाबांनी एक डोळा उघडला.

"माझी पोरगी तर इथेच बसलीय ना?"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा खो खो हसले. त्यांच्यासाठी पाच मिनिटांपूर्वी हेच वाचून झालं होतं.

"अहो बाबा, पान चुकलं!" तीही हसली. "तुमचं वेगळं आहे, थांबा."

"असू दे गं." त्यांनी डोळा मिटला. "आली की सांग तिला, मी जागा आहे म्हणून."

"काहीतरीच तुमचं! मंगळवारी निवांत बसते. अजून चार खाटा राहिल्यात."

पांघरूण सारखं करून ती पुढे गेली. सोमवारी दुपारी ती नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होती, तेव्हा बाबा गेले.

महिन्याभरानं चर्चच्या पाळकबाई नव्या दुखणेकऱ्यांची यादी घेऊन घरी आल्या. तिनं यादी घेतली नाही, उलट वही त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सातव्या खाटेचं सगळं सांगितलं. पाळकबाईंनी मध्ये एकदाही 'अगं, चुकतं माणसाचं' असं म्हटलं नाही, याचं तिला बरं वाटलं.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्या शेवटी म्हणाल्या. "काही दिवस कुणाकडे जाऊ नकोस. आपल्यापुरती बस. येईल ते बोल."

"काहीच आलं नाही तर?"

"तर तसं सांग त्याला."

ती बसायला लागली. संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. पहिले काही दिवस वहीतल्याच ओळी जिभेवर यायच्या, त्या ती गिळून टाकायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा तोंडातून निघालं, "अकरा वर्षं मी लोकांना सांगितलं तू जवळ आहेस म्हणून. मला तू कुठेच दिसत नव्हतास. आणि माझ्या बापालाही मी तेच ऐकवलं." मग ती खूप रडली. उत्तर वगैरे काही आलं नाही. पण कितीतरी वर्षांनी आपण कुणाशी तरी बोललो, एवढं तिला कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायची ती वाट पाहत होती.

बाबांच्या नळकामातल्या भागीदारकाकांचा निरोप आला तो त्यानंतर. तीस वर्षं ते आणि बाबा एकाच पिशवीतले नळाचे पाने वापरत आले. देवाधर्माची थट्टा करणं हा काकांचा जोडधंदा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती, आणि त्यांनी तिलाच बोलावलं होतं.

वॉर्ड तोच होता, खाट दुसरी. ती स्टुलावर बसली.

"काय, आज कितव्या पानावरची प्रार्थना आणलीस?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बापानंच. शनिवारी आलो होतो ना मी. हसत हसत सांगितलं, आणि निघताना परत सांगितलं." काका छताकडे बघत राहिले. "जी गोष्ट माणूस दोनदा सांगतो ना पोरी, ती त्याला टोचलेली असते."

तिनं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"तुला लागावं म्हणून नाही सांगितलं," काका म्हणाले. "मला भीती वाटतेय. हे मी बायकोलासुद्धा बोललो नाही. तो तुझा देव आहे का खरंच तिथं? वहीतलं सांगू नकोस. तुला काय माहीत आहे तेवढंच सांग."

"मला थोडंच माहीत आहे, काका. मधली कित्येक वर्षं मी त्याच्याशी बोललेच नाही, नुसती त्याच्याबद्दल बोलत होते. बाबा गेल्यावर परत सुरुवात केलीय. पहिल्यांदा भांडले. आता रोज बसते. तो ऐकतो, इतकं मी शपथेवर सांगेन. त्यापुढचं मलाही अजून शिकायचंय."

"म्हणजे तू पण शिकाऊच की."

"शिकाऊच."

काका जरा हसले. मग त्यांनी आपणहून हात पुढे केला. खरखरीत, नखांच्या कडा काळ्या पडलेला हात, बाबांच्यासारखाच. तिनं डोळे मिटले. खूप वेळ शब्द येईनात आणि तिनं ते ओढून आणले नाहीत.

"प्रभू येशू," ती म्हणाली, "काका घाबरलेत. मीपण घाबरलेय. उद्या ह्यांचा हात सोडू नकोस. ह्यांना तुझ्याशी बोलायचं असेल तर बोलू दे, थट्टा केली तरी ऐकून घे."

काकाच पुटपुटले, "ऐकलंस ना रे देवा तिचं? आमेन."

हात मात्र त्यांनी सोडला नाही. मग म्हणाले, "एवढंच हवं होतं बघ तुझ्या बापाला."

"हो," ती म्हणाली.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. सिस्टरनं दारातून पाहिलं आणि तिला उठवलं नाही.