टाकीचा सेन्सर

रामकिसन पेढ्यांचा पुडा घेऊन आला, तो चपला न काढता थेट स्वयंपाकघरात.

"शरयू, सेन्सर मंजूर झाला. पुण्याच्या मोठ्या हापिसातून लेटर आल्तं आज."

मंठ्याजवळच्या एका बियाण्यांच्या कंपनीत तो सव्वीस वर्षं पाण्याची टाकी सांभाळत होता. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा सेन्सर बसवा, म्हणून तीन वर्षांत त्यानं तीन अर्ज दिले होते. गेल्या महिन्यात तो डबा खायला बसला आणि टाकी वाहून पाणी पार गोदामाच्या दारात गेलं. त्या पाण्यानंच साहेबांचे डोळे उघडले, असं त्याचं म्हणणं.

शेजारच्या रजियाभाभींना पेढा पोचलासुद्धा. "चलो भाऊ, अब टाकी को भी अकल आएगी," त्या म्हणाल्या.

शरयूनं कागद हातात घेतला. लेक चिन्मयी पाचवीत गेली तेव्हापासून भाकरी थापता थापता तीही लेकीच्या पुस्तकातून इंग्रजी शिकत गेली होती. लेक आता नोकरीला जालन्यात, जाडजूड डिक्शनरी तेवढी मागं राहिली. पत्रात 'टँक' होतं, 'ओव्हरफ्लो'ही होतं. सेन्सरचं स्पेलिंग मात्र तिला पटेना. सुरुवातच 'सी'नं आणि शेपटीला एक जादा 'ई'.

डिक्शनरीत सापडलं. उच्चार सेन्शर. अर्थ: ठपका ठेवणे.

रामकिसन मोरीत पाय धूत गुणगुणत होता. 'सव्वीस वर्षांत आपल्यावर एक ठपका न्हाई' एवढीच एक फुशारकी या माणसाजवळ होती. पत्र डब्याखाली सारावं, असं शरयूच्या मनात येऊन गेलं.

"उद्या कंपनीत किलोभर पेढे नेतो," तो मोरीतून म्हणाला.

आता बोलणं भागच होतं.

"अहो, पेढे नका नेऊ. हे सेन्सर न्हाई, सेन्शर आहे. म्हंजे ठपका."

तो ओल्या पायानं पाटावर टेकला. त्यानं पेढ्यांचा पुडा पुढं ओढला.

"मंग मी पेढे कशाचे वाटून राह्यलो?"

"ठपक्याचे."

आधी त्याचं पोट हललं, मग खांदे. दोघं ठसका लागेस्तोवर हसले. पण हसू ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "माणसानं जेवायचं न्हाई का गं?"

शरयूनं वही ओढली आणि सरळ मराठीत लिहिलं: 'साहेब, आपला सेन्शर मिळाला. आम्ही तो सेन्सर समजून पेढे वाटले. सेन्सर वेळेवर आला असता, तर सेन्शर लिहायची आपली तसदी वाचली असती. सोबत तीन अर्जांच्या झेरॉक्स.' खाली रामकिसननं सही केली.

दहाव्या दिवशी उत्तर आलं, तेही मराठीत. ठपका मागे घेतला आहे, सेन्सर पाठवत आहोत.

रामकिसननं ते तीनदा वाचलं. तरी कागद शरयूपुढं धरला.

"स आहे का श, बराबर बघ. मंगच पेढे आणतो."