हत्यार नेईल त्याची पाळी

डोळे मिटा पाहू. आता समजा, तुम्ही एका माळ्यावर बसला आहात. चार बांबू रोवलेले, वर गवताचं छप्पर, चढायला शिडी. खाली पिकत आलेली नाचणी डुलते आहे. समोर जंगल आहे, आणि त्या जंगलातून काड्‌काड् बांबू मोडल्याचा आवाज येतो. तो वारा नव्हे, हत्ती आहे. त्याला तुमची नाचणी तुमच्याइतकीच आवडते. अशा वेळी तुमच्या हातात काय असावंसं वाटेल? उत्तर मनात ठेवा आणि डोळे उघडा.

बंगळूरहून आनेकलला जाणारी बस जिथे थांबते, तिथून पुढे बरंच चाललं की जंगलाच्या कडेला आपल्या मराठी माणसांची एक वस्ती होती. यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी फौजेबरोबर या मुलखात आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. नव्वदच्या दशकात तिथे कस्तुरी नावाची दहा वर्षांची मुलगी राहायची.

वस्तीत लायसनची बंदूक एकच, कस्तुरीच्या वडिलांची, संताजींची. पिकाच्या राखणीसाठी सरकारनंच परवानगी दिलेली. त्या बंदुकीनं कधी जीव घेतला नव्हता. संताजी हवेत एक बार काढायचे आणि कळप जंगलात परतायचा.

माळ्यावरची राखण मात्र सगळ्या घरांनी वाटून घेतलेली. आज या घराची पाळी, उद्या त्या घराची. पाळी असेल त्याच्याकडे घरचं एक कांबळं आणि बडवायला वस्तीचा पत्र्याचा डबा. आणि एक जुनी रीत होती: राखणीचं हत्यार, मग डबा असो की बंदूक, जो नेईल, त्या रात्रीची पाळी त्याची. कारण काही असो. एकदा ऋतुराज नावाच्या मुलानं आपल्याच लग्नाच्या वरातीत वाजवायला तो डबा नेला. मग काय! नवरदेवाला मुंडावळ्यांसकट माळ्यावर बसवलं. नवरी खाली शिडीपाशी बसून त्याला रात्रभर चिडवत होती.

मग एका निवडणुकीच्या वेळी हुकूम निघाला, सगळ्या लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करा. संताजींनी एक शब्द न बोलता बंदूक दिली आणि पावती घेतली. निवडणूक झाली, निकाल लागला, गुलाल उधळून झाला, तरी बंदूक परत मिळेना. आज साहेब रजेवर, उद्या किल्ली सापडत नाही. तेवढ्यात नाचणी पिकली. हत्ती आले. संताजी डबा बडवत पुढे झाले. कळप फिरला, पण एक सुळेवाला फिरला नाही.

संताजी गेले. बंदूक त्यानंतर परत आली, नळीत गंज घेऊन.

मालनबाई, कस्तुरीची आई, फारशी रडताना कोणाला दिसली नाही. तिनं कचेऱ्यांचे खेटे घालून लायसन आपल्या नावावर करून घेतलं. नळी घासून लखलखीत केली. बंदूक कुलूपबंद ट्रंकेत, काडतुसं निराळ्या कपाटात, दोन्ही किल्ल्या तिच्या कमरेला. "तू डब्याला हात लाव, कांबळ्याला लाव," ती कस्तुरीला सांगायची, "ट्रंकेला नाही." आणि कस्तुरीनं कधी लावला नाही.

पुढच्या वर्षी नाचणी पुन्हा पिकत आली, आणि नेमकी तेव्हाच शहरात दंगल उसळली. बस जळाल्या, संचारबंदी लागली. एका संध्याकाळी वस्तीत पोलिसांची जीप आली. तिच्यातून विश्वेश्वर नावाचे तरुण फौजदार उतरले, नुकतेच शहरातून बदलून आलेले. मागून उतरले हवालदार कृष्णमूर्ती. ते शेजारच्याच गावचे, त्यांच्याही घरी नाचणी होती. बोलणं कन्नडमध्ये झालं, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

"वरून हुकूम आहे," फौजदार म्हणाले. "सगळ्या बंदुका जमा करायच्या."

"हुकूम माझ्या नावाचा आहे?" मालनबाईनं विचारलं.

"सगळ्यांसाठी आहे."

"शहरात कोणी लायसनच्या बंदुकीनं गोळी झाडली का?"

"गोळी नाही. दगडफेक झाली, जाळपोळ झाली."

"मग दगड जमा करा की! आमच्या बांधावर पुष्कळ आहेत, जीप भरून देते. काडेपेटीही घेऊन जा. चूल मी शेजारच्या विस्तवावर पेटवीन."

कृष्णमूर्तींना एकदम खोकला आला. फौजदारांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं.

"थट्टा करू नका, बाई. उद्या ही बंदूक चोरून कोणी शहरात नेली तर जबाबदार कोण?"

"मी. कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला. मागच्या वेळी तुमच्या ठाण्यात ती कोपऱ्यात उघडी उभी होती. कृष्णमूर्ती अण्णांना विचारा. कुठे जास्त सुरक्षित आहे, तुम्हीच सांगा."

अण्णांनी जमिनीकडे पाहिलं.

"पावती देतो ना," फौजदार जरा नरमले.

"पावती मागच्या वेळीही दिली होती. माझा नवरा ती खिशात घेऊनच डबा बडवत हत्तीपुढे गेला, तो परत आला नाही. हत्तीला वाचता येत नाही, साहेब."

मग फौजदार म्हणाले, "तुम्ही कायद्याच्या आड येताय."

"मी कायदाच मागतेय! ही बंदूक मला कायद्यानं दिली आहे. मी ती कोणावर रोखली असेल, दारू पिऊन नाचवली असेल, तर तसं लिहा. माझं नाव घाला, माझा गुन्हा घाला, वरच्या साहेबांची सही आणा. मी स्वतः डोक्यावर घेऊन ठाण्यात येईन. पण सगळ्यांची घेतो म्हणून माझी? नाही देणार. आणि न्यायचीच असेल, तर राखणीला एक शिपाई ठेवून जा."

"शिपाई कुठून देऊ? सगळे शहरात बंदोबस्ताला गेलेत."

"म्हणजे राखण तुमच्याकडे नाही, आणि माझी आहे ती तुम्ही नेणार."

फौजदारांचा चेहरा लाल झाला. "मूर्ती, ट्रंक उचला!"

कृष्णमूर्ती जागचे हलले नाहीत. "सार... स्वल्प विचार करा..."

तेव्हा फौजदार स्वतःच आत गेले, ट्रंक ओढत बाहेर आणली आणि जीपच्या मागच्या बाजूला चढवली. मालनबाईनं त्यांना हात लावला नाही. दारात ताठ उभी राहिली आणि किल्ली मुठीत घट्ट धरून म्हणाली, "ही मात्र मिळणार नाही."

आणि कस्तुरी? त्या रात्रीची पाळी त्यांच्याच घराची होती. ती घरात पळाली. आली ती एका हातात पत्र्याचा डबा आणि खांद्यावर कांबळं घेऊन. कांबळं तिच्या वडिलांचं होतं. तिनं दोन्ही वस्तू जीपमध्ये फौजदारांच्या जागेवर नीट ठेवल्या.

"हे काय गं?"

"आज तुमची पाळी," कस्तुरी म्हणाली. "हत्यार तुम्ही नेलंत ना?"

"मूर्ती, ही काय म्हणतेय?"

"रीत आहे, सार. राखणीचं हत्यार नेईल त्यानं रात्री माळ्यावर बसायचं. आमच्या गावातही आहे."

एव्हाना वस्ती गोळा झाली होती. म्हातारे प्रतापराव काठी टेकत पुढे आले. "साहेब, जेवण माळ्यावरच पाठवतो. मुद्दे चालेल ना, आपला नाचणीचा गोळा? आणि शिडीची वरची पायरी सैल आहे, जपून चढा."

कोणी हसलं. फौजदार काहीतरी कडक बोलणार होते, पण तेवढ्यात जंगलाच्या बाजूनं आवाज आला. काड्. मग पुन्हा, जरा जवळून, काड्‌काड्.

"हा आवाज...?"

"तोच," मालनबाई म्हणाली. "आता बोला, साहेब. डबा कोण बडवणार?"

फौजदारांनी जंगलाकडे पाहिलं. मग त्या कांबळ्याकडे. ते भित्रे नव्हते. पण गेल्या वर्षी डबा घेऊन कोण पुढे झालं होतं, हे मघाशी त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी ट्रंक पुन्हा खाली उतरवली आणि दाराशी नेऊन ठेवली.

"उद्या वरच्या साहेबांशी बोलतो," ते म्हणाले. "ते नाही म्हणाले तर लेखी हुकूम घेऊन येईन. तुमच्या नावाचा."

"जरूर या. माझं उत्तरही तयार असेल. पण संध्याकाळी या, राखणीच्या वेळेला. इथे काय असतं ते बघून मग हुकूम वाचा."

मालनबाईनं कुलूप काढलं, बंदूक उचलली, कपाटातून काडतुसं घेतली आणि वळून न पाहता बांधाकडे चालू लागली. जीप सुरू झाली. तेवढ्यात कस्तुरी जीपच्या मागे धावली. "थांबा! थांबा!"

जीप थांबली. तिनं आत हात घालून पत्र्याचा डबा ओढून घेतला, कारण तो आत्ता लागणार होता. फौजदारांनी कांबळंही उचलून पुढे केलं. कस्तुरीनं ते घेतलं नाही. घडी मोडली होती ती नीट केली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हे राहू द्या. माझ्या बाबांचं आहे. उद्या बंदुकीचं काय ते ठरवताना जवळ असू द्या."

मग ती डबा बडवत आईच्या मागे पळाली.