डीपीपाशी बसलेली बाई

"आक्का, तिसऱ्यांदा मारलंस दाजीला," उत्तरेश्वर म्हणाला, आणि मी हातातला माऊस टाकूनच दिला.

पडद्यावर विजेच्या खांबाखाली एक चौकोनी माणूस आडवा पडला होता. त्याला माझ्या नवऱ्यासारखी मिशी काढली होती मेल्यानं. वर लाल अक्षरांत 'खेळ संपला'.

"काय हे सणासुदीचं अभद्र! बंद कर आधी."

उत्तरेश्वर माझा धाकटा भाऊ. अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकायचा. दोन हजार सहाच्या दिवाळीत तो सगळा डबा गोधडीत बांधून, जीपच्या टपावर टाकून केजजवळच्या आमच्या खेड्यात घेऊन आला. भारनियमनातून लाइट राहील तेवढ्यात त्याचं चालायचं. आधी त्यानं मला विकतचा एक खेळ दाखवला होता. त्यात माणूस सांभाळायचा. जेवू घाला, अंघोळ घाला, झोपवा. सकाळी दारात गाडी येते, तो नोकरीला जातो. मग पडद्यावर दिवसभर नुसतं रिकामं घर. संध्याकाळी गाडी त्याला आणून सोडते.

"पन तिथं काय करतो त्यो दिवसभर?" मी विचारलं होतं.

"त्येच तर दाखवत न्हाईत! नोकरी हाय म्हनायची, दिसत कायच न्हाई. मी खेळ करीन त्यात नोकरी आपन सोता करायची. चुकलं की मेला."

मला हसू आलं नाही. माझा संसार आठ वर्षं तसाच चालला होता. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगते: अजिनाथ. हे सकाळी पान्हा-पक्कड घेऊन फटफटीवर जायचे, आणि मी घरात कान रस्त्याकडे लावून बसायची. हे झिरो वायरमन. म्हणजे खांबावर चढायचं सरकारी वायरमनच्या वाटचं, पण सरकारी कागदावर नाव कुठंच नाही. यांच्या आधीचा झिरो वायरमन मुंजाजी तारेला चिकटून मेला. कसा, ते यांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं की "तुला काय करायचंय? भाकर वाढ." मेहुण्याला मात्र खेळासाठी म्हणून सगळं सांगितलं होतं शहाण्यानं.

उत्तरेश्वरनं स्वतः केलेला तो खेळ पुन्हा लावला. पडद्यावर प्रश्न आला: 'डीपीतले किटकॅट काढायचे?' किटकॅट म्हणजे चिनीमातीचे फ्यूज. डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतून ते तिन्ही काढले की पुढची लाइन मरते. मी 'होय' दाबलं. 'तिथंच ठेवायचे, की खिशात घ्यायचे?' आधी मी तिथंच ठेवले होते, तेव्हा कुणीतरी परत बसवले आणि माणूस मेला. आता खिशात घेतले. मिशीवाला टुकूटुकू खांबावर चढला. ठिणगी उडाली. पडला.

"आरं, खिशात हायत ना त्याच्या!"

"खिशात हायत गं. पन एखाद्याची मोटर बंद पडती, लाइट जायची येळ झालेली आसती. त्यो येतो डीपीवर, आन किटकॅटच्या जागी तारंचा तुकडा आडकवतो. वायरमन उतरला आसंल म्हनून." उत्तरेश्वरनं मान खाली घातली. "मुंजाजीचं तसंच झालतं."

मी माऊसवरचा हात काढला. "मग जिंकायचं कसं?"

"डीपीपाशी मानूस बसवायचा. पन दाजी म्हनले, झिरोला कुठला आलाय मदतनीस? म्हनून त्ये बटनच ठेवलं न्हाई."

तेवढ्यात फटफटी दारात आली. राधाकिशनच्या उसापलीकडं तार तुटली होती. हे दोरी न्यायला आले होते. मी पायात चप्पल घातली.

"कुठं निघालीस?"

"तुमच्या नोकरीवर."

"येडी झाली का? लोकं काय म्हनतील?"

"लोकं मुंजाजीच्या मातीला बी आलते. लई रडले."

यांनी दोरी हँडलला अडकवली आणि मला मागं बसू दिलं.

डीपीच्या पेटीतून यांनी तिन्ही किटकॅट काढले आणि सवयीनं खिशाकडे हात नेला. मी पदर पुढं केला. त्यात टाकून मी घट्ट गाठ मारली.

"मी सोता येऊन मागंन तवाच दे," म्हणाले, आणि फटफटीवरनं बांधाबांधानं उसाआड गेले. तिथून खांब दिसत नव्हता. मी पेटीला पाठ लावून बसले. वरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता, त्यातली वीज जिवंतच होती. भ्याले, खोटं कशाला सांगू?

थोड्या वेळानं राधाकिशन आला. हातात तारेचा तुकडा.

"वैनी, सरका. घंट्याभरात लाइट जाती, पानी आर्ध्यात थांबलंय."

"हे वर हायत."

"कवाच उतरला की! फटफटीचा आवाज ऐकला म्या आत्ताच."

आवाज मीही ऐकला होता. पण आठ वर्षं मी दुसरं ऐकलं काय?

"ती यांची न्हाई. यांची दोनदा खोकती, मग चालू व्हती."

"बाईमानसाला काय कळतंय फटफटीतलं?" म्हणत त्यानं माझ्या डोक्यावरून पेटीकडे हात घातला.

मी उठले आणि दोन्ही हात पसरून पेटीला पाठीनं चिकटले. "घाला हात. आधी मला लावा, मग पेटीला."

दुसऱ्याच्या बायकोला हात कोण लावणार? राधाकिशन मागं सरला, शिव्या पुटपुटत बांधावर जाऊन बसला. मी तशीच उभी. उसात काही वाजत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. पडला असेल, असं मनात आलं, तसं शंभरदा आलं. जाऊन बघावं तर पेटी उघडी पडते.

मग ती खोकली. एकदा. दुसऱ्यांदा. चालू झाली.

यांनी फटफटी उभी केली आणि आधी राधाकिशनच्या हातातली तार पाहिली. तोंडाचा रंगच उडाला. मग माझ्यापुढं हात केला. मला पदराची गाठ सुटेना. यांनीच ती सोडली.

एक किटकॅट बसवला. दुसरा बसवला. तिसरा हातात घेऊन थांबले.

"टाकू का?" यांनी मला विचारलं.

मी यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. खाली होते, जमिनीवर, माझ्यासमोर.

"टाका," मी म्हणाले.