प्रेस्टनचा रुमाल

शेजारच्या डोरोथीच्या गराजबाहेर ही भलीमोठी रांग लागली होती. सॉल्ट लेक सिटीतली आमची शांत गल्ली, १९८४ सालचा उन्हाळा, आणि माणसं घामाघूम होऊन उभी कशासाठी? तर रुमालाच्या चिंधीसाठी!

"इंग्लंडातल्या प्रेस्टनच्या विणकरणीचा हा सुती रुमाल!" डोरोथीचा भाचा क्लेटन चिंध्या विकत ओरडत होता. "ती मॉर्मन पंथात आली आणि १८४० साली हा छातीशी धरून अमेरिकेच्या जहाजात बसली. एकशे चव्वेचाळीस वर्षं याला पाणी लागलेलं नाही. अंगाला लावा, दुखणं पळतं; पण पाणी लागलं की गुण गेला! माझ्या मावशीलाच विचारा. आठ दिवस इन्सुलिन बंद!"

त्या विणकरणीची पणती डोरोथी खुर्चीत हसत बसली होती. ओठ कोरडे, पायाची जखम चिघळलेली. तिच्या चर्चचे बिशपसुद्धा औषध सोडू नका म्हणून बजावून गेले होते. पण आईवेगळ्या क्लेटनला तिनंच वाढवलेलं, त्याच्यापुढे बिशपांचं कोण ऐकतो! मला गाडी शिकवणारी ही बाई डोळ्यांदेखत मरायला निघाली होती.

"सुमित्रा, आपणही एक घेऊ ना यार," माझा नवरा गिरीश म्हणाला. "ट्राय करायला काय जातं?"

इंजिनियर माणूस! मी कपाळाला हात लावला.

सोलापूरच्या गिरणीत सहा वर्षं मी सूत तपासलं होतं. चिंधी घेतली आणि डोरोथीसमोर काडी ओढली. आधी माझ्या सुती ओढणीचा दोरा जाळला. कागद जळल्यासारखा वास आला, मऊ राख उरली. मग रुमालाचा दोरा धरला. तो आक्रसला, वितळला, त्याचा टणक काळा मणी झाला.

"हे पॉलिएस्टर आहे, डोरोथी. १८४० साली ते जगात नव्हतं. चहात बुडवून जुनं केलंय."

"खोटं!" क्लेटन किंचाळला.

डोरोथीनं मणी चिमटीत दाबून पाहिला. फुटेना. "माझी आजीही सूत असंच जाळून पाहायची," ती म्हणाली. "क्लेटन, मी मेले असते ना रे?"

"मावशी, तू बरी झालीस म्हटल्याशिवाय लोक आले असते का?"

मला त्याची चीड आली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"सुमित्रा, इन्सुलिन आण," ती म्हणाली. "फ्रिजमध्ये आहे, दुधामागे."

देव मानायचा तर खुशाल माना. पण औषध बंद करा म्हणणारा सख्खा भाचा असला, तरी आधी त्याच्या रुमालाचा दोरा जाळून पाहा.