पुढची दोन चाकं

आमच्या घरात दोन भाऊ आहेत आणि त्यांच्या मधोमध मी आहे. थोरला माझा नवरा, लेथवर लोखंडाचे भाग कातायचं काम करतो. धाकटा माझा दीर, त्याचं गॅरेज आहे. तीन वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण ऐकलंत तर कपाळाला हात लावाल. थोरल्याने जोडलेला एक गिअरबॉक्स धाकट्याने "चुकीचा बसवलाय" म्हणत चारचौघांत उघडून दाखवला होता. तो खरंच चुकीचा होता की नव्हता, हे दोघंही अजून सिद्ध करत असतात, आणि तेही माझ्यासमोर. जसं काही मी न्यायाधीश आहे.

वडील गेल्यावर त्यांचे नट खोलायचे पाने वाटून घेतले, तेही कसे? सम आकड्यांचे थोरल्याला, विषम आकड्यांचे धाकट्याला. आता गाडीत एक नट बाराचा असतो, शेजारचा तेराचा. म्हणजे प्रत्येक नटाला दुसऱ्याचा पाना लागणार, आणि तो मागायला मी जाणार.

सासूबाई शहराबाहेर चढावरच्या घरात एकट्या राहतात. तिथलं शेवटचं वळण चिकणमातीचं आहे. ते ओलं झालं की आमची जुनी गाडी मागची चाकं नुसती गरगर फिरवत जागच्या जागी बसते, कारण तिची सगळी ताकद मागच्याच चाकांना. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना घेरी आली तेव्हा गाडी वर पोचलीच नाही. दोघा लेकांनी त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून खाली आणलं. तेव्हाही एकमेकांशी चकार शब्द नाही. वळणावर "जरा डावीकडे घ्या" हेसुद्धा मलाच म्हणावं लागलं.

मग नणंदेने निकाल देऊन टाकला. "पावसाच्या आत गाडी वर चढली नाही, तर आई माझ्याकडे येणार."

"मी हे घर सोडणार नाही," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

दुसरी गाडी घ्या, असं मी म्हणून पाहिलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी आईच बदला म्हणाले. नाही म्हणजे नाही. हीच गाडी चारही चाकांवर चालवायची.

काम सासूबाईंच्या अंगणातल्या शेडमध्ये सुरू झालं. इंजिनाची ताकद मागे जाते, त्यातली थोडी पुढे वळवायला मध्ये दातेरी चाकांची एक पेटी लागते. ती थोरला लेथवर बनवणार. पुढच्या चाकांच्या मधला डिफरन्शियल, म्हणजे ती ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गोळा, धाकटा बसवणार. सकाळी धाकटा यायचा, दुपारी थोरला. एकाचा कप विसळला की सासूबाई दुसऱ्याच्या चहाचं आधण ठेवायच्या. कधी कधी वेळा जुळायच्या. मग एक गाडीखाली, दुसरा बॉनेटमध्ये, आणि मध्ये मी.

"वहिनी, दादाला विचार, पेटी कधी होणार."

"त्याला सांग, झाल्यावर दिसेल."

दोघांत हातभराचंही अंतर नव्हतं हो! मी मात्र पोपटासारखी दोन्हीकडे बोलत होते.

शेवटी गाडी तयार झाली. आदल्या दिवशी पावसाची सर येऊन गेली होती, अंगण ओलं होतं. जॅकवर उचलून चाकं आधी फिरवून बघा, असं मी म्हटलं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमच्याकडे तर अतिशहाणे दोन. माझ्या नवऱ्याने गाडी सुरू केली आणि क्लच सोडला. गाडी भुंकल्यासारखी ओरडली, अंगभर थरथरली आणि इंचभरही हलली नाही. मागची चाकं चिखल मागे उडवत होती, पुढची पुढे. गाडी स्वतःशीच रस्सीखेच खेळत होती. बंद केली तेव्हा अंगणात चार खड्डे पडले होते.

"त्याने घोळ घातलाय," दोघं मला एकदमच म्हणाले.

मी आधी एकाला बाजूला घेतलं, मग दुसऱ्याला. नक्की काय केलंत ते पहिलीतल्या पोराला सांगावं तसं मला सांगा, म्हटलं. तेव्हा उलगडा झाला. पेटीत दोनच दातेरी चाकं घातली तर दुसरं पहिल्याच्या उलट फिरतं, आणि मग गाडीची पुढची चाकंही उलटी फिरणार. हे थोरल्याच्या आधीच लक्षात आलं होतं. त्याने मध्ये तिसरं दातेरी चाक घालून दिशा सुधारली. धाकट्याच्याही लक्षात आलं होतं. पण दादाला हे सुचणार नाही असं धरून त्याने डिफरन्शियलच उलथा बसवला. दोघंही बरोबर होते. म्हणूनच गाडी चुकली. "मी असं असं केलंय," एवढं एक वाक्य कुणी कुणाला बोललं असतं तर! माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू.

"दोघांपैकी एकाने आपलं काढा," मी म्हटलं.

"त्याला सांग काढायला."

"दादाला सांग काढायला."

पालथ्या घड्यावर पाणी. नणंदेचा फोन आला, रविवारी आईला न्यायला येते म्हणून. सासूबाई उठून दोघांचे कप विसळू लागल्या. त्या दिवशी मला त्यांची फार कीव आली.

शनिवारी धाकट्याचा निरोप आला, "दादाला सांग, गाडी सुरू करून बघ." नवराही म्हणाला, "चल, आता चालेल." मला बरं वाटलं. कुणाला तरी पाझर फुटला तर! या वेळी मी हट्टाने गाडी चारही बाजूंनी उचलून ठेवायला लावली. इंजिन सुरू झालं. मागची चाकं पुढच्या दिशेला, पुढची मागच्या.

दोघांनाही पाझर फुटला होता. नवऱ्याने आईसाठी गुपचूप पेटीतलं तिसरं चाक काढून एकमेकांना भिडणारी दोनच मोठी चाकं घातली होती, आणि धाकट्याने गुपचूप डिफरन्शियल सुलटा केला होता. एकमेकांना न सांगता.

"वहिनी, दादाला विचार..."

"नाही विचारणार!" मी हातातला पाना शेडच्या पत्र्यावर भिरकावला. सम होता की विषम, कुणास ठाऊक. "आजपासून मी कुणाचा निरोप कुणाला सांगणार नाही. आई उद्या जाणार. तुम्ही दोघं मुके आहात म्हणून जाणार, गाडी बिघडली म्हणून नाही!"

नवऱ्याने फडक्याला हात पुसले. मग भावाकडे न बघता म्हणाला, "उलथा बसवला की तेल गळतं. तू सुलटाच ठेव. मधलं चाक मी परत घालतो."

धाकटा गाडीखालून बाहेर आला. "घाल. पण बेअरिंग मी बघणार."

"तू कोण बघणारा?"

"मागच्या वेळी कुणी बघितलं नाही म्हणूनच तो गिअरबॉक्स..."

आणि तीन वर्षांचं तुंबलेलं भांडण संध्याकाळपर्यंत वाहत राहिलं. पाने इकडून तिकडे हातोहात जात होते. मला कुणी विचारत नव्हतं.

रविवारी सकाळी पुन्हा सर आली. गाडी खाली नेली आणि तशीच वळवून आणली. शेवटचं वळण ती गपचूप चढली. मी तर चक्क ओरडले. सासूबाईंना सांगायला घरात धावले, तर त्या बॅग भरून बसलेल्या.

"आई, चढली गाडी! तुम्हाला जायची गरज नाही."

"आता मला लेकीकडे सोडा," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे लिफ्ट आहे."

माझा तोल सुटला. "मग घर सोडणार नाही, घर सोडणार नाही, हे काय चाललं होतं इतके दिवस?"

"घराचं काय गं? माझे गुडघे केव्हाच नको म्हणतायत. पण मी खाली गेले असते, तर हे दोघं एका अंगणात आले असते का?"

राग तर आला होताच. मी बॅग उचलली.

उतारावर दोघं पुढे बसून तेलावरून भांडत होते. एक म्हणे जाड हवं, दुसरा म्हणे पातळ. माझे कान किटले. "अहो, जरा गप्प बसाल का दोघं?" मी म्हटलं.

सासूबाईंनी माझा हात दाबला. "बोलू दे गं," त्या म्हणाल्या.